दुसरी वेलांटी खेळताना

अमेरिकेत 1925 पासून शाळकरी मुलांची ‘स्पेलिंग बी’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा भरते. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या मुलाने शब्द ऐकायचा आणि त्यातले एकेक अक्षर क्रमाने म्हणून दाखवायचे. भारतीय वंशाची मुले या स्पर्धेत फार पुढे आहेत. 2019 मध्ये आठ जण एकत्र विजेते ठरले, त्यांत सात भारतीय वंशाचे होते. ही स्पर्धा इंग्रजीत रंगते, कारण इंग्रजी शब्द नुसता ऐकून तो लिहिता येईलच असे नाही. मराठीत ‘कमळ’, ‘सायकल’, ‘करवत’ हे शब्द दुसरीतले मूलही पहिल्यांदा ऐकून बरोबर लिहिते. मराठीची अडचण मोजक्या जागांवर एकवटलेली आहे. पहिली वेलांटी की दुसरी, पहिला उकार की दुसरा, नळाचा न की बाणाचा ण, रफार नेमका कोणाच्या डोक्यावर, आणि अनुस्वार द्यायचा की नाही. मुलांच्या वह्यांतली बहुतेक लाल वर्तुळे याच ठिकाणी पडलेली असतात.

जागा थोड्या आहेत, पण प्रत्येक ठिकाणी चूक होण्याचे कारण वेगळे आहे. कुठे कान कमी पडतो, कुठे डोळा, कुठे नियम उमगलेला नसतो, तर कुठे स्मरणाशिवाय इलाज नसतो. आपण मात्र सगळ्यांवर एकच औषध देतो, ‘हा शब्द दहा वेळा लिहून आण.’ मूल पहिल्यांदा शब्दाकडे बघते, उरलेल्या नऊ वेळा वरची ओळ उतरवते. त्याचा हात चालतो, मन खेळाच्या मैदानावर गेलेले असते. मग मनाला मैदानावरच गाठावे, हे उत्तम. पण खेळ कोणताही चालत नाही. चूक कशामुळे होते ते पाहून खेळ निवडावा लागतो.

सर्वांत जास्त चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या, म्हणून तिथून सुरुवात करू, आणि जागा निवडू स्वयंपाकघर. मीठ, पीठ, दूध, तूप, गूळ, तीळ, चूल, खीर. हे सगळे शब्द दोन अक्षरी, शेवटी ‘अ’, आणि पहिले अक्षर दीर्घ. आता यांना वाक्यात घालून पाहा. मिठाचा डबा, पिठाची चाळणी, दुधावरची साय, तुपाची वाटी, गुळाची पोळी, तिळाचा लाडू, चुलीवरची भाकरी, खिरीतला बेदाणा. प्रत्येक शब्दातला स्वर आखडला. हा नियम शासनमान्य नियमांच्या यादीत आहे, पण मुलाला तो यादीतून सांगण्याची गरज नाही. ‘मीठ’ म्हणताना ‘ठ’ अर्धवट उच्चारला जातो आणि सगळा वेळ ‘मी’ला मिळतो. ‘मिठाचा’ म्हणताना ‘ठा’ लांबतो आणि ‘मि’ चटकन उरकतो. जीभ हे आपसूक करते. मुलाच्या ते लक्षात आणून द्यायचे, एवढेच काम.

खेळ असा. डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मुलांकडून करून घ्याव्यात. एका रंगाच्या चिठ्ठीवर नुसते नाव, दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर त्याच नावाला प्रत्यय लावून दोन शब्द. मग एक फासा घ्यावा. त्याच्या सहा बाजूंवर ला, ने, त, चा, वर आणि ‘अनेक’ असे लिहिलेले कागद चिकटवावेत. एकाने शब्द सांगायचा, दुसऱ्याने फासा टाकायचा. ‘वीट’ आणि ‘अनेक’ आले तर ‘विटा’, ‘जीभ’ आणि ‘वर’ आले तर ‘जिभेवर’, ‘नदी’ आणि ‘त’ आले तर ‘नदीत’. शब्द म्हणताना स्वर लांब असेल तर दोन्ही हात पसरायचे, आखडला तर टाळी वाजवायची, आणि मगच पाटीवर लिहायचे. लहान मुलांना हातांची ही हालचाल फार आवडते. तिचा खरा उपयोग असा की लिहिण्याआधी क्षणभर थांबून स्वर ऐकला जातो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका हा क्षण न मिळाल्यामुळे होतात.

दहा-बारा फेऱ्या झाल्या की कोणीतरी मूल ‘माणूस’ घेऊन येते आणि अडते. कारण तिथे ‘माणसाला’ होते. उकार आखडत नाही, पार नाहीसाच होतो. पाऊस–पावसात, लाकूड–लाकडाचा, कापूस–कापसाने, पाऊल–पावलांवर हेही तसेच. ज्या तीन अक्षरी शब्दांचे पहिले अक्षर दीर्घ आहे तिथे असे घडते. हे मोठ्यांनी आधी सांगू नये. चार-पाच शब्द जमले की आठ-नऊ वर्षांची मुले हा नियम आपला आपण शोधतात, आणि स्वतः शोधलेला नियम त्यांना वर्षानुवर्षे पुरतो. तिसरीच्या मुलांना प्रत्ययाआधी बदललेल्या या रूपाची ‘सामान्यरूप’ ही संज्ञा ठाऊक असण्याची काही गरज नाही.

याच खेळाची मोठी आवृत्ती प्रवासात खेळता येते. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, पंढरपूर या सगळ्यांत ‘पू’ दीर्घ. पण नागपुरी संत्री, सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल आणि पंढरपुरात मात्र ‘पु’ ऱ्हस्व. गावांच्या भेंड्या आपण तोंडी खेळतो, त्या कागदावर खेळाव्यात. नागपूर, मग ‘र’वरून रत्नागिरी किंवा रायगड, ‘ड’वरून डहाणू. ‘ण’वरून सुरू होणारे गाव सापडत नाही, तिथे ‘न’ चालवून घ्यावा. गाव लिहिल्यावर ‘मी नागपुरात राहतो’ असे वाक्य लिहिणेही सक्तीचे करावे, म्हणजे प्रत्येक गाव दोन रूपांत लिहिले जाते.

मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळात हिंदीचाही वाटा असतो, आणि तो आपण फारसा ओळखत नाही. हिंदी त्याच लिपीत लिहितात, शाळेत शिकवतात, पडद्यावर दिवसभर दिसते. पण हिंदीत ‘फूल’चे ‘फूलों’ होते, स्वर दीर्घच राहतो, मराठीत ‘फुलांना’. हिंदीत कवि, बुद्धि, शक्ति, गुरु, वस्तु असे लिहिणे बरोबर. मराठीत कवी, बुद्धी, शक्ती, गुरू, वस्तू. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना आणि मुंबईतल्या हिंदी माध्यमाच्या मुलांना हा घोळ अधिक जाणवतो. त्यांच्यासाठी दोन खोकी ठेवावीत, एक मराठीचे, एक हिंदीचे. शब्दाची चिठ्ठी उघडायची आणि योग्य खोक्यात टाकायची. यात चुकीचा शब्दच नसतो. दोन्ही रूपे आपापल्या घरी बरोबर असतात, म्हणून मुलाला अपराधी वाटत नाही. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांसाठी आणखी एक डाव जोडावा. ‘बुद्धी’ आणि ‘बळ’ या चिठ्ठ्या शेजारी आल्या की ‘बुद्धिबळ’ होते आणि वेलांटी पुन्हा डावीकडे येते. कवी आणि संमेलन, शक्ती आणि पीठ, गुरू आणि पौर्णिमा, वस्तू आणि संग्रहालय अशा जोड्या लावत गेले की मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ होणारे संस्कृत शब्द समासात पूर्वपदी आले की पुन्हा ऱ्हस्व का होतात, हे बोटांखाली कळते.

आता कानाचे खेळ. न-ण आणि ल-ळ यांच्या चुका काही मुलांच्या वहीत पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांना निष्काळजी ठरवले जाते. हा अन्याय आहे. मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ बोलला जातो. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. मूल घरी जे ऐकते तेच लिहिते. त्याचा कान अगदी उत्तम काम करत असतो. त्याच्या घरची बोली चुकीची आहे असा शब्द शिक्षकाच्या तोंडून जाता कामा नये. पुस्तकातल्या मराठीत आणखी एक ध्वनी आहे, तो पकडायचा खेळ खेळू, असे सांगावे. ‘चिमणी उडाली भुर्र’ हा खेळ सगळ्यांना येतो. त्यात पक्ष्यांऐवजी शब्द घ्यावेत. शब्दात ‘ण’ आला की बोट उचलायचे. बाण, कणीस, नदी, दाणा, वाळू, खाण. पुढच्या फेरीत ‘ळ’. मग चित्रांच्या जोड्या आणाव्यात. गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, मन आणि मण, खान आणि खाण. मोठ्यांनी शब्द म्हणायचा, मुलाने चित्र उचलायचे. नंतर मुलाने म्हणायचे आणि मोठ्यांनी उचलायचे. ही उलटी फेरी सोडू नये. ‘गाळ’ म्हटल्यावर समोरच्याने गालाचे चित्र उचलले की आपला उच्चार कुठे कमी पडला ते मुलाला कोणी न रागावता समजते.

‘श’ आणि ‘ष’ यांच्यासाठी मात्र कानाचा उपयोग नाही. आजच्या मराठीत दोन्हींचा उच्चार बहुतेक ठिकाणी एकच झाला आहे, तेव्हा तिथे पोटफोड्या ‘ष’ लक्षातच ठेवावा लागतो. एक आधार आहे. ट आणि ठ यांच्याशी जोडलेला असेल तर संस्कृतातून आलेल्या शब्दांत पोटफोड्या ‘ष’च असतो. कष्ट, स्पष्ट, श्रेष्ठ, काष्ठ, षष्ठी. एवढे सांगून पुढे जावे.

रफाराची गोष्ट वेगळी. ती डोळ्याची अडचण आहे. ‘आशीर्वाद’ म्हणताना र् आधी आणि वा नंतर येतो, पण लिहिताना र् वा-च्या डोक्यावर बसतो. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहू पाहते आणि रफार कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही. यावर टोपीचा खेळ चांगला. पाच मुले ओळीने उभी करावीत: आ, शी, र्, वा, द. प्रत्येकाच्या हातात आपल्या अक्षराची पाटी. ‘र्’ झालेल्या मुलाजवळ कागदी टोपी असते. शब्द म्हणत गेल्यावर त्याची पाळी आली की त्याने आपल्या नंतरच्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि स्वतः खाली बसायचे. सूर्य, दर्शन, पुनर्जन्म, वर्तुळ असे शब्द घेत गेले की रफार नेहमी पुढच्याच्या डोक्यावर, हे अंगात मुरते. मोठ्या वर्गात याच ओळीत आचार्य आणि आचारी यांना आणावे. आचार्यांना नमस्कार केला आणि आचाऱ्यांना भाजी दिली, या दोन वाक्यांत ‘र’ची दोन रूपे आहेत, कारण उच्चारच दोन आहेत. पहिल्यात ‘चा’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. दर्या आणि दऱ्या ही जोडीही तशीच.

पहिल्या वेलांटीतही डोळ्याची एक अडचण लपलेली आहे. ‘कि’ म्हणताना क् आधी आणि इ नंतर, पण लिहिलेली वेलांटी मात्र अक्षराच्या डावीकडे उभी. पहिली-दुसरीच्या मुलांना हे विचित्र वाटणे साहजिक आहे. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले, तिथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षरे शिकत. आपल्याकडे वाळूच्या ताटात किंवा मित्राच्या पाठीवर बोटाने अक्षर काढण्याचा खेळ त्याच जातीचा आहे. पाठीवर ‘कि’ काढला की ‘की’, हे ओळखायला मुलाला वेलांटीची बाजू अंगानेच जाणवावी लागते. दोन मिनिटांचा खेळ, साहित्य काहीच नाही.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा सर्वांत कठीण भाग. तिथे मराठीचे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम, शब्दाच्या शेवटचा दीर्घ सोडला तर, थांबतात. जिभेला आहे म्हणून शरिराला होत नाही, असे सांगण्याऐवजी शरीराला, जीवाला, पूजेला, परीक्षेला हे शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डांवर लिहावेत. तसेच गुण, विष, सुख, मंदिर, मधुर. यांना नियमाने पकडता येत नाही, पण घराण्याने पकडता येते. परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा या सगळ्यांत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा एकच धातू आहे, म्हणून सगळीकडे दीर्घ ‘ई’. कार्डे पसरून ‘घराणे जमवा’ हा पत्त्यांसारखा डाव खेळता येतो. चार भावंडे जमली की हात आपला. याच रीतीने ‘त्व’ लिहिलेले एक कार्ड घ्यावे आणि त्याच्या आधी महत्, तत्, सत् ही कार्डे एकेक करून ठेवावीत. महत्त्व, तत्त्व, सत्त्व यांत दोन त का, हे मुलाच्या समोरच तयार होते; मातृत्व आणि प्रभुत्व यांत एकच का, हेही. दोन ज असलेला ‘उज्ज्वल’ उत् आणि ज्वल यांतून असाच उभा राहतो.

आता मी ज्या खेळाला सर्वांत वरचे स्थान देईन तो. त्याला धावते श्रुतलेखन म्हणू. नेहमीच्या श्रुतलेखनात शिक्षक बोलतात आणि मुले मान खाली घालून लिहितात. इथे वर्गाच्या दूरच्या भिंतीवर पाच-सहा ओळींचा उतारा चिकटवायचा. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाने धावत जाऊन ओळ वाचायची, डोक्यात साठवायची, परत येऊन जोडीदाराला सांगायची, जोडीदाराने लिहायचे. अर्ध्यावर भूमिका बदलायच्या. वहीला धावणाऱ्याने हात लावायचा नाही, त्यामुळे त्याला ‘दुसरी वेलांटी’, ‘पहिला उकार’, ‘त ला त जोडून व’ असे तोंडाने सांगावे लागते. शब्द नीट बघितल्याशिवाय हे सांगताच येत नाही, आणि विसरले तर पुन्हा धावावे लागते. वाचन, स्मरण, उच्चार, लेखन सगळे एका दमात होते. वर्गात गलका होतो, तो होऊ द्यावा.

घरी दोघांनाच खेळायचे असेल तर ‘मात्रा हरवल्या’ हा डाव घ्यावा. कागदावर नुसते ‘म ळ’ लिहायचे आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा परत देऊन जेवढे शब्द होतील तेवढे पाच मिनिटांत लिहायचे. मळ, मळा, माळ, माळा, माळी, मूळ, मुळा, मेळ, मेळा, मोळी. यातच मूळ आणि मुळा शेजारी येतात आणि स्वयंपाकघरातला नियम पुन्हा भेटतो.

एक सावधगिरी कळकळीने सांगायची आहे. ‘चुकीचा शब्द ओळखा’ हा प्रकार कार्यपुस्तिकांत सर्रास असतो. लहान मुलांना तो देऊ नये. लॅरी जेकबी आणि अ‍ॅन हॉलिंग्जहेड या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चुकीचे स्पेलिंग वाचलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून नंतर तेच शब्द लिहिताना जास्त चुका झाल्या. डोळा रूप साठवतो. ते चुकीचे होते ही सूचना मागाहून पुसट होते. वर ‘जिभेला’च्या शेजारी एक चुकीचे रूप मी एकदाच लिहिले, ते मोठ्या वाचकासाठी, मुलांसमोर फळ्यावर तेही लिहू नये. चुकलेला शब्द खोडून टाकावा आणि त्याच्या जागी बरोबर शब्दच नजरेसमोर ठेवावा.

दुसरी गोष्ट ‘आउट’ होण्याची. ज्या खेळात चुकलेले मूल बाहेर बसते, त्यात सरावाची सर्वांत जास्त गरज असलेल्यालाच सर्वांत कमी सराव मिळतो. चुकलेल्याला पुढच्या फेरीत तोच शब्द पुन्हा मिळावा, जमला तर गुण पूर्ण मिळावेत. सापशिडीसारख्या नशिबाच्या खेळात मध्येच शब्द घुसडण्यानेही फारसे साधत नाही. शब्द बरोबर लिहिणे हीच खेळातली चाल असली पाहिजे. आणि पंधरा मिनिटांच्या पुढे ताणू नये. मुले ‘अजून एक’ म्हणत असतानाच थांबावे.

खेळ संपल्यावर अडलेले शब्द कुठे जातात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, आणि एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्यातून कळले. सेबास्टियान लाइटनर यांनी 1970च्या दशकात त्यावरून खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली. घरी तीन रिकाम्या डब्या पुरतात. अडलेल्या शब्दाची चिठ्ठी पहिल्या डबीत, ती रोज उघडायची. ऐकून बरोबर लिहिला की चिठ्ठी दुसऱ्या डबीत, ती तीन दिवसांनी. तिथेही जमला तर तिसऱ्या डबीत, ती आठवड्याने. चुकला तर परत पहिलीत. मुलाला डबी रिकामी करण्याचा चांगलाच छंद लागतो.

खेळात वाद होणारच. ‘आमच्या आजोबांच्या पुस्तकात यावर अनुस्वार आहे’ असे कोणी म्हणाले तर तेही खरे असते. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले 14 नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले जुने अनुस्वार तेव्हापासून लेखनातून गेले. आजोबा त्यांच्या काळाप्रमाणे बरोबर लिहीत होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. वाद मिटवायला जवळ एक पुस्तक हवे. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरणाचे पुस्तक अनेक घरांत असते, आणि अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ नावाप्रमाणेच खिशात मावते. शब्द अडला की आई, बाबा, शिक्षक यांपैकी कोणीही तोंडी निकाल देऊ नये, स्वतःला उत्तर ठाऊक असले तरी. पुस्तक मुलाच्या हातात द्यावे, पान त्यालाच शोधू द्यावे, आणि सापडलेला शब्द त्याने मोठ्याने वाचून दाखवला की मगच पुढचा फासा टाकावा.